जादूची गोळी सुटल्यानंतर

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका निवासी शिबिरात आम्ही 'डॉ. एर्लिख्स मॅजिक बुलेट' हा जुना अमेरिकन चित्रपट दाखवला. १९४० सालचा, कृष्णधवल, संवाद इंग्रजी. तरीही सभागृहात कोणी चुळबूळ केली नाही. नंतरची चर्चाही चांगली रंगली. रंगद्रव्ये, जंतूंचे रंजन, रसायनांची निवडक क्रिया, प्रयोगातील चिकाटी, सगळे मुद्दे निघाले. चहाच्या वेळी मंडळी पांगल्यावर एक माध्यमिक शिक्षक मागे थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सर, ती गोळी लागली की नाही, हे रुग्णाला कळतं कसं?"

प्रश्न त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याचा होता. औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या या मुलाला उपदंश म्हणजे सिफिलिस झाल्याचे निदान झाले. दवाखान्यात पेनिसिलिनचे इंजेक्शन मिळाले, जखम भरून आली. वर्षभराने लग्न ठरत असताना त्याने स्वतःहून पुन्हा रक्त तपासून घेतले. दोन चाचण्यांचे दोन कागद हाती आले. एकावर जवळजवळ 'नाही' असे होते, दुसऱ्यावर ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह'. कागदांचा अर्थ कोणी सांगितला नाही. रोग रक्तात मुरला आहे अशी त्याची समजूत झाली, आणि रक्तशुद्धीची हमी देणाऱ्या एका गृहस्थाकडे त्याचा सहा महिन्यांचा 'कोर्स' सुरू झाला. लग्न लांबणीवर पडले. मुलीकडच्यांना कारण सांगता येईना. अखेर तो आपल्या शाळेतल्या सरांकडे आला, आणि सरांकडेही उत्तर नव्हते.

उत्तर अवघड नाही, ते पुढे येईलच. पण त्या रात्री मला एका गोष्टीने बेचैन केले. ज्या रोगावरचा चित्रपट आम्ही शिक्षकांसाठी मुद्दाम निवडला, तो पाहून उठलेल्या एका हुशार विज्ञान शिक्षकाला त्या रोगाविषयीच्या सर्वांत व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर का देता येऊ नये? दोष त्यांचा नव्हता. मी चित्रपट पुन्हा पाहिला, आणि तो कोठे थांबतो हे या वेळी नीट लक्षात आले.

चित्रपटाचे श्रेय

प्रथम त्याचे गुण सांगितले पाहिजेत. गुंडांच्या भूमिकांसाठी गाजलेल्या एडवर्ड जी. रॉबिन्सनने पॉल एर्लिख उभा केला आहे, आणि तो मनात राहतो. दिग्दर्शक विल्यम डीटर्ले. वॉर्नर ब्रदर्सने हा विषय हाती घेतला तेव्हा हॉलिवूडच्या आचारसंहितेत गुप्तरोग हा चित्रपटाचा विषय होऊ शकत नाही असे स्पष्ट कलम होते. खास परवानगी मिळाली ती जाहिरातींत रोगाचे नाव येणार नाही या बोलीवर. मेजवानीच्या टेबलावर एर्लिख आपल्या संशोधनाचा विषय सहज सांगून टाकतो आणि भोवतालची प्रतिष्ठित मंडळी अवाक होतात, हा प्रसंग म्हणूनच महत्त्वाचा आहे. तो प्रसंग केवळ एर्लिखच्या काळाचा नव्हता, प्रेक्षागृहात बसलेल्या लोकांचाही होता. आपल्याकडे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून अशाच विषयांवर उघडपणे लिहिले आणि त्याची किंमत मोजली. त्यामुळे या प्रसंगाची धग मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही.

विज्ञानाच्या बाजूनेही चित्रपटात घेण्यासारखे बरेच आहे. एखादा रंग ठरावीक पेशीलाच का चिकटतो, या साध्या निरीक्षणातून एर्लिखची सारी विचारसरणी उगवली. रंग जर निवडून चिकटत असेल, तर विषही निवडून चिकटेल, आणि शरीराला धक्का न लावता फक्त जंतूला मारील. रंजनापासून औषधापर्यंतचा हा धागा पडद्यावर स्वच्छ दिसतो. मरणशय्येवरचा एर्लिख शेवटी सुचवतो की शरीराच्या रोगांवरचा विजय माणसाच्या मनातल्या रोगांवर विजय मिळवल्याशिवाय पुरा होणार नाही. १९४० मध्ये, जर्मनीत नाझी राजवट असताना, एका ज्यू शास्त्रज्ञाच्या तोंडी हे वाक्य यावे यालाही अर्थ आहे.

तपशिलाच्या चुका

काही चुका नाट्यासाठी केलेल्या आहेत. शिक्षकाला त्या माहीत असाव्यात, पण त्यावरून चित्रपट मोडीत काढू नये.

पहिली चूक '६०६' या आकड्याची. सहाशे पाच वेळा अपयश आणि सहाशे सहाव्या वेळी यश, अशी गोष्ट वर्गात हमखास सांगितली जाते. प्रत्यक्षात तो संयुगांच्या यादीतला क्रमांक होता. शिवाय हे संयुग बनल्यावर लगेच विजयाची घंटा वाजली नाही. पहिल्या चाचणीत ते निरुपयोगी ठरले आणि बाजूला पडले. १९०९ मध्ये जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी ते पुन्हा तपासले. सशांमध्ये उपदंशाचा संसर्ग घडवून आणण्याचे तंत्र त्यांना अवगत होते, आणि या सशांवर ते संयुग प्रभावी ठरले. म्हणजे गोष्टीचे तात्पर्य 'चिकाटी सोडू नका' एवढेच नाही. चाचणी चुकीची असेल तर चांगले औषधही फुकट जाते, हे त्याहून मोलाचे तात्पर्य आहे.

दुसरी चूक खटल्याची. चित्रपटात एर्लिख स्वतःच्या बदनामीविरुद्ध न्यायालयात जातो. औषधाने घेतलेल्या अडतीस बळींचा हिशेब मांडला जातो, आणि साक्षीला आलेला बेरिंग म्हणतो की एकोणचाळिसावा मृत्यूही झाला आहे, तो उपदंशाचा. टाळ्या घेणारे वाक्य आहे. फ्रँकफुर्टचा खटला १९१४ मध्ये खरोखर झाला, पण तो एका नियतकालिकाच्या संपादकावर होता आणि त्यात एर्लिखची भूमिका साक्षीदाराची होती.

तिसरी गोष्ट चूक म्हणता येणार नाही, कारण ती नंतर कळली. साल्वर्सान या नावाने १९१० मध्ये बाजारात आलेल्या या औषधाच्या रेणूत आर्सेनिकचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात असे एर्लिखला वाटत होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार ते मुख्यतः तीन व पाच आर्सेनिक अणूंच्या कड्यांचे मिश्रण आहे. म्हणजे जादूची गोळी हा एकसंध पदार्थही नव्हता.

माझा खरा आक्षेप

माझा आक्षेप या चुकांवर नाही, तो 'जादूची गोळी' या प्रतिमेवर आहे. गोळी सुटते, लागते, शत्रू पडतो, गोष्ट संपते. चित्रपटाने ही प्रतिमा घेतली आणि तिच्या तर्काप्रमाणे गोष्ट इंजेक्शनपाशी संपवली. उरलेल्या वेळेत वैज्ञानिकावरचा आरोप आहे, त्याचा विजय आहे, त्याचा मृत्यू आहे. रुग्ण पडद्यावरून निघून गेलेला असतो. गुप्तरोगाच्या बाबतीत मात्र निदान आणि पहिले इंजेक्शन ही गोष्टीची सुरुवात असते.

एर्लिखला स्वतःला एकाच माऱ्यात शरीर निर्जंतुक करण्याची आशा होती. ती साल्वर्सानने पुरी केली नाही. हे पिवळसर चूर्ण हवेशी संपर्क आला की बिघडत असे, म्हणून ते बंद काचनळीत येई. ते विरघळवून, आम्लता घालवून, काळजीपूर्वक टोचावे लागे. १९१२ मध्ये निओसाल्वर्सान आल्यावर हाताळणी सोपी झाली, पण उपचार लांबतच गेले. चित्रपट पडद्यावर आला त्या सुमारास रुग्णाला आर्सेनिकची आणि बिस्मथची इंजेक्शने आलटून-पालटून, आठवड्यामागून आठवडे, वर्ष-दीड वर्ष घ्यावी लागत. ओकाऱ्या, कावीळ, त्वचेचे विकार हे त्रास होतेच. अनेक रुग्ण मध्येच येणे सोडत. १९४० च्या प्रेक्षकाला खरोखर उपयोगी पडली असती अशी गोष्ट एकच होती, ती म्हणजे जखम भरली तरी येणे थांबवू नका. अनेकांना उपचार घ्यायला उद्युक्त करणाऱ्या चित्रपटातून हीच गोष्ट मनावर ठसत नाही.

जखम भरण्यावर विसंबून का चालत नाही, हे या रोगाचे मर्म आहे. संसर्गानंतर साधारण दहा ते नव्वद दिवसांत एक न दुखणारी जखम उठते. काहीही उपचार न करता ती तीन ते सहा आठवड्यांत भरते. नंतर अंगावर पुरळ येते आणि तेही आपोआप जाते. मग रोग वर्षानुवर्षे गुप्त राहतो. ओस्लोमध्ये १८९१ ते १९१० या काळात सीझर बोक या डॉक्टरांनी सुमारे दोन हजार रुग्णांना त्या वेळचा पाऱ्याचा उपचार दिला नाही. पाऱ्याने फायद्यापेक्षा अपायच अधिक होतो असे त्यांचे मत होते. या रुग्णांच्या नोंदींचा पुढे अनेक वर्षांनी मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांत हृदय, रक्तवाहिन्या, मज्जासंस्था किंवा हाडे-त्वचा यांवर उशिराचे दुष्परिणाम दिसले. उरलेल्यांना ते दिसले नाहीत.

हे दोन आकडे वर्गात शेजारी शेजारी लिहून पाहावेत. पहिली जखम उपचाराविना शंभरातल्या जवळजवळ शंभरांची भरते. उशिराचे दुष्परिणाम उपचाराविनाही शंभरातल्या साठ-पासष्टांना होत नाहीत. मग या रोगावर कोणतीही मुळी, कोणतेही भस्म, कोणताही मंत्र 'गुणकारी' ठरणार नाही तर काय? सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या आयुर्वेदीय ग्रंथात पोर्तुगीजांबरोबर आलेला हा रोग 'फिरंग' या नावाने येतो, आणि त्यावर पारा व चोपचिनी सांगितली आहे. युरोपातही तेव्हा पाराच चालत होता. दोन्हीकडच्या वैद्यांनी जखमा भरताना डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर डोळ्यांनी पाहिलेलेही फसवते. त्या मुलाच्या रक्तशुद्धीवाल्याचा धंदा याच तत्त्वावर चालला होता.

पेनिसिलिन आणि घड्याळ

यावर कोणी म्हणेल की हे आर्सेनिकच्या काळाचे झाले, आता तर एका इंजेक्शनात काम होते. म्हणजे गोळी अखेर सापडलीच ना?

१९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी व सहकाऱ्यांनी उपदंशाच्या चार रुग्णांना पेनिसिलिन दिले, ते दर चार तासांनी, दिवसरात्र, आठ दिवस. एकूण अठ्ठेचाळीस इंजेक्शने. एवढी का? कारण पेनिसिलिन जंतूच्या पेशीभित्तिकेच्या बांधणीत अडथळा आणते, आणि ही बांधणी जंतू वाढताना व विभागताना चालते. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. उपदंशाचा मळसूत्री जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम, दुप्पट व्हायला तीस तासांहून अधिक वेळ घेतो. हा जंतू प्रयोगशाळेत सलग वाढवणे इतके अवघड होते की ते २०१८ पर्यंत साधले नव्हते. अशा संथ जंतूला मारायचे तर औषध रक्तात तासभर असून भागत नाही. ते अनेक दिवस, कमी का होईना, सतत असावे लागते.

आज सुरुवातीच्या अवस्थेत दिले जाणारे चोवीस लाख युनिटचे बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन एकच दिसते, कारण अठ्ठेचाळीस इंजेक्शनांचे काम त्याच्या रसायनात दडलेले आहे. हा क्षार स्नायूत अतिशय मंदपणे विरघळतो आणि दिवसेंदिवस थोडे थोडे पेनिसिलिन रक्तात सोडत राहतो. संसर्गाला वर्षाहून अधिक काळ लोटला असेल, किंवा तो कधी झाला हेच ठाऊक नसेल, तर अशी तीन इंजेक्शने आठवड्याच्या अंतराने द्यावी लागतात. येथे गोळीपेक्षा ठिबक सिंचनाची उपमा जास्त जुळते. आणि या सिंचनातला एक आठवडा चुकवून चालत नाही.

दिलाशाची बाब अशी, की सुमारे आठ दशकांच्या वापरानंतरही या जंतूने पेनिसिलिनला दाद न देण्याची कला आत्मसात केलेली नाही. अॅझिथ्रोमायसिनच्या बाबतीत मात्र ती केली आहे. परम्याच्या जंतूने तर एकामागून एक औषधे निकामी केली आहेत. म्हणून 'मागे मित्राला दिलेले तेच औषध' दुकानातून घेणे घातक.

निदानानंतरचे वर्ष

मग चित्रपटाने सोडून दिलेली गोष्ट आपण पुरी करू.

इंजेक्शननंतर पहिल्या चोवीस तासांत पुष्कळांना ताप येतो, थंडी वाजते, अंग दुखते, पुरळ जास्त उठून दिसते. मरणारे जंतू जे पदार्थ सोडतात त्यांना शरीराने दिलेली ही प्रतिक्रिया आहे. तिला यारिश-हेर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात, आणि ती बहुधा दिवसभरात शमते. हे आधी सांगितले नसेल तर रुग्णाला वाटते की इंजेक्शन सोसले नाही, आणि तो पुढच्या इंजेक्शनला येत नाही. एका वाक्याची माहिती उपचार वाचवते.

दुसरी पायरी जोडीदाराची. हीच सर्वांत कठीण, आणि चित्रपटाच्या प्रतिमेत तिला जागाच नाही, कारण गोळी एका शरीरात शिरते. रोग मात्र दोघांत असतो. एकावर उपचार करून दुसऱ्याला सोडले तर तो परत येतो, कारण एकदा झालेला उपदंश पुढे कायमचे संरक्षण देत नाही. सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णाच्या गेल्या तीन महिन्यांतील जोडीदाराची तपासणी निर्दोष आली तरी उपचार देतात, कारण प्रतिपिंडे रक्तात दिसू लागायला वेळ लागतो. या कारणाची माहिती असलेला माणूस 'तिचा रिपोर्ट चांगला आहे, तिला कशाला सांगायचे?' असे म्हणणार नाही. जखमा पूर्ण भरेपर्यंत आणि दोघांचे उपचार होईपर्यंत संबंध टाळणे हेही याच पायरीचा भाग. त्याच वेळी एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी, कारण दोन्ही रोगांची वाट एक आहे, आणि उपदंशाची जखम एचआयव्हीला दार उघडून देते.

बायको गरोदर असेल तर प्रश्न तिघांचा होतो. हा जंतू वार ओलांडून गर्भापर्यंत जातो. गर्भपात, मृत जन्म किंवा जन्मजात उपदंश हे त्याचे परिणाम. वेळेवर दिलेले पेनिसिलिन ते टाळू शकते. त्यासाठी उपचार प्रसूतीच्या निदान तीस दिवस आधी तरी सुरू व्हायला हवेत. नवऱ्याने लाजेपोटी गप्प राहून घालवलेला प्रत्येक आठवडा मुलाच्या खात्यातून वजा होतो.

आता त्या दोन कागदांकडे वळू.

उपदंशाच्या रक्ततपासण्या दोन जातींच्या असतात. पहिल्या जातीचा उगम १९०६ च्या वासरमान चाचणीत आहे. आज वापरात असलेल्या व्हीडीआरएल व आरपीआर या चाचण्या याच कुळातल्या. त्या जंतूला शोधत नाहीत. संसर्गात पेशींची जी नासधूस होते तिच्यातून सुटणाऱ्या स्निग्ध पदार्थांविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे त्या मोजतात. म्हणूनच कधी कधी गरोदरपणात, मलेरियात, कुष्ठरोगात किंवा ल्युपससारख्या विकारातही त्या 'हो' म्हणतात. दुसऱ्या जातीच्या, म्हणजे टीपीएचएसारख्या चाचण्या, खुद्द जंतूविरुद्धची प्रतिपिंडे ओळखतात. ही प्रतिपिंडे बहुतेकांच्या रक्तात उपचारानंतरही आयुष्यभर राहतात. लहानपणी टोचलेल्या देवीच्या लशीचा व्रण जसा दंडावर राहतो, तशी ही रक्तातली खूण आहे. तिच्यावरून रोग होऊन गेला हे कळते, पण रोग आत्ता आहे की नाही हे कळत नाही.

'गोळी लागली का?' या प्रश्नाचे उत्तर पहिल्या चाचणीच्या आकड्यात असते. रक्तद्रव दर वेळी निम्मा पातळ करत जातात, १:२, १:४, १:८, १:१६, १:३२, आणि किती पातळ करेपर्यंत चाचणी 'हो' म्हणते ते पाहतात. त्या आकड्याला टायटर म्हणतात. उपचाराच्या दिवशी १:३२ असेल आणि सहा महिने ते वर्षभरात १:८ किंवा त्याखाली आला, म्हणजे निदान चार पटींनी, दोन पायऱ्या, उतरला, तर उपचार लागू पडला असे समजतात. एका पायरीचा फरक मोजणीच्या चुकीतही पडू शकतो, म्हणून दोन पायऱ्यांचा आग्रह. काहींच्या बाबतीत आकडा उतरून १:२ सारख्या खालच्या पातळीवर रेंगाळतो. तो वाढत नसेल तर सहसा घाबरण्याचे कारण नसते. उलट दोन पायऱ्यांनी वर चढला तर पुन्हा संसर्ग झाला किंवा उपचार अपुरा पडला असा संशय घ्यावा लागतो. हे सारे कळण्यासाठी पहिल्या दिवसाचा आकडा लिहून ठेवलेला हवा आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच प्रकारच्या चाचणीने, त्याच प्रयोगशाळेत व्हायला हवी.

त्या मुलाचा पहिला कागद सरांनी नंतर आणून दाखवला. आकडा चार पायऱ्यांनी उतरला होता. ठळक अक्षरांतले 'पॉझिटिव्ह' टीपीएचएचे होते. तो बरा होता. बरा असलेल्या माणसाने वर्षभराची झोप, पैसे आणि एक ठरलेले लग्न धोक्यात घातले, ते दोनाच्या घातांकांचे गणित कोणी सांगितले नाही म्हणून.

गोळी हातात असून

चित्रपटाचा उत्तरार्ध पडद्याबाहेर घडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने त्याची संक्षिप्त आवृत्ती लोकशिक्षणासाठी वापरली. त्याच सेवेने १९३२ मध्ये अलाबामा राज्यातल्या टस्कीगी परिसरात ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर एक 'अभ्यास' सुरू केला होता. त्यांना उपदंश असल्याचे निदान झाले होते. त्यांना ते सांगितले गेले नाही, 'रक्त खराब आहे' एवढेच सांगितले. रोग उपचाराविना कसा वाढतो हे पाहण्यासाठी त्यांना उपचारांपासून दूर ठेवले. ओस्लोच्या डॉक्टरने उपचार नाकारले तेव्हा हातात केवळ पारा होता. टस्कीगीत पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही हे चालूच राहिले. वृत्तपत्रांनी वाचा फोडल्यावर १९७२ मध्ये ते थांबले, आणि राष्ट्राध्यक्षांनी क्षमा मागितली ती १९९७ मध्ये.

एका हाताने जादूच्या गोळीचा चित्रपट दाखवायचा आणि दुसऱ्या हाताने ती गोळी रुग्णापासून लपवायची, हे एकाच संस्थेला जमले. गोळी असणे आणि ती माणसापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून कठोरपणे सांगता येणार नाही. निदान, माहिती, उपचार, जोडीदार, पुन्हा तपासणी या साखळीतली कोणतीही कडी तोडली की औषध निरुपयोगी होते. टस्कीगीत ती सरकारने तोडली. आपल्याकडे ती बहुधा लाज तोडते, आणि कधी कधी अर्थ न सांगता हाती ठेवलेला कागद.

एचआयव्हीच्या बाबतीत तर गोळीची प्रतिमा पार कोलमडते. तेथे एकदाच मारून मोकळे होण्यासारखे काही नाही. रोज, न चुकता, आयुष्यभर औषध आहे. ते नियमित घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून त्याचा प्रसार होत नाही. ही विसाव्या शतकात कोणी कल्पिली नसेल अशी मजल आहे, आणि ती रोजच्या शिस्तीने गाठली जाते.

वर्गात दाखवायचा का?

जरूर दाखवावा. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना एर्लिख भेटावा असाच आहे. पण शेवटची अक्षरे पडद्यावर आल्यावर दिवे लावून घरी जाऊ नये. फळ्यावर १:३२ लिहावे आणि विचारावे, एका वर्षाने हा आकडा किती झाला तर तुम्ही रुग्णाला 'बरा झालास' म्हणाल? जखम आपोआप भरणाऱ्या रोगावर औषध लागू पडते हे तुम्ही कसे सिद्ध कराल? जंतू तीस तासांनी दुप्पट होत असेल तर औषध रक्तात किती दिवस राहिले पाहिजे? या प्रश्नांत शरमेने मान खाली घालण्यासारखे काही नाही. ते गणिताचे, जीवशास्त्राचे आणि तर्काचे प्रश्न आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांतली गुप्तरोगांची माहिती बहुधा रोगाचे नाव, जंतू, लक्षणे आणि प्रतिबंध यांवर थांबते. ज्याच्या बाबतीत प्रतिबंध चुकला आहे, त्याच्यासाठी तेथे एकही ओळ नसते. ती ओळ शिक्षकाने भरून काढावी.

त्या सरांनी पुढे त्यांच्या शाळेत हा चित्रपट दाखवला. त्याच्यानंतरचा तास त्यांनी फळ्यावर घेतला, त्यात रोगाचे नाव नेहमीच्या आवाजात उच्चारले, आणि दोन चाचण्यांचे दोन रकाने काढून दिले. त्या वर्गात कोणाला त्याची कधी गरज पडेल हे सांगता येत नाही. पडली, तर तो मुलगा किंवा ती मुलगी हातातला कागद उलटा-सुलटा करत रक्तशुद्धीवाल्याकडे जाणार नाही, एवढी आशा करायला हरकत नाही.